गुरुवारी ठणठणीत राहणारा संगणक

सुज्ञ मित्रहो, चाकणच्या आमच्या वर्कशॉपातील संगणक वारंवार मूर्च्छित होतो. काल गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत मात्र तंत्रज्ञासमोर तो दिवसभर ठणठणीत राहिला.

आज दुपारपर्यंत ड्रॉइंग न पाठवल्यास ऑर्डर हातची जाणार होती. पाठवताना शेजारच्या कारखान्यातील पत्रा ठोकणारा पॉवर प्रेस आदळला, टेबल हादरले आणि पडदा काळा झाला.

"राव, काल प्रेस बंद होता ना," भागीदार शिंदे पुटपुटले.

डबा उघडून हादऱ्यांनी सैल झालेली रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, घट्ट बसवली. तरीही धीर होईना. म्हणून सीपीयूचा डबा मी तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेतला. शिंद्यांनी श्वास रोखून ड्रॉइंग धाडले.

ड्रॉइंग पोहोचले, ऑर्डर टिकली. प्रेस अद्याप आदळतोच आहे.

"आता ठेवा की खाली त्याला," शिंदे म्हणतात.

ठेवावा काय?