सिंदीच्या फाटकावर दोन हात

दिवाळीनंतर सिंदीहून काकूंचा फोन आला. "काकाले लकवा मारला. सावंगीच्या दवाखान्यातून घरी आणलं, पन बोलनं गेलं, उजवा हात गेला. खाटेले खोली लागते. ते खेळातली रेल्वे तू घेऊन जाय." मी चार रिकामी खोकी बांधली आणि नाशिकहून रात्रीची गाडी धरली.

मनोहरकाका कापसाचे व्यापारी. त्यांच्या जिनिंगपर्यंत येणारी मालगाडीची साइडिंग उखडली गेली, तेव्हा त्यांनी ती प्लायवुडवर छोट्या रूपात पुन्हा उभी केली. मुख्य लाइन, तीन फाटे, फाटक, फाटकापाशी कापसाची बैलगाडी. वाघिणी, म्हणजे मालडबे, नेमक्या फाट्यावर लावायच्या, एवढंच काम. एकाने इंजिन चालवायचं, दुसऱ्याने हाताने खुणा करायच्या. बोलायचं नाही. 'थांब' म्हणजे दोन्ही हात डोक्यावर. नव्वदच्या दशकात मी तिथे पहिल्यांदा गेलो आणि एकच हात वर केला. काका म्हणाले, "काय करून राह्यला बे? माशी हाकलतं का?"

वर्ध्याला उतरलात तर तर्रीपोहे तिथेच खाऊन घ्या. सिंदीत हॉटेलं बेताची आहेत. पुढे पॅसेंजर स्वस्त पडते, पण तिच्या वेळेवर काही ठरवू नका. खिडकीतून जुन्या साइडिंगची जागा दिसते. तिथे आता बाभळी आहेत.

काका खुर्चीत बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

"मले ओळखतेत का नाई, तेच समजत नाई," काकू म्हणाल्या. "तू आवर हे."

आवरण्याआधी एकदा चालवू, असं मी म्हणालो. काकांची खुर्ची यार्डाच्या दुसऱ्या बाजूला नेली. इंजिनाचा आवाज झाला. थोड्या वेळाने त्यांचा डावा हात खालीवर हलला. म्हणजे, पुढे जा.

दोन वाघिणी जागेवर लागल्या. काकू दारात उभ्या होत्या, हातात धुळीचं फडकं.

तिसरी वाघीण मी फाटकाकडे ढकलली. काकांचा डावा हात वर गेला. एकच हात वर म्हणजे 'थांब' नव्हे, हे त्यांनीच शिकवलेलं. हात अवघडला असेल, असं समजून मी थांबलो नाही. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेले.

मी इंजिन थांबवलं. धूळ पुसताना बैलगाडी सरकून रुळांवर आली होती. माझ्या बाजूने ती दिसत नव्हती. वाघीण बैलापासून बोटभर अंतरावर होती.

"आंधळा हायेस का रे?" काकू ओरडल्या. "बैल मरत होता ना!" मग त्या काकांकडे पाहत राहिल्या. काकांनी हात अजून खाली घेतले नव्हते. काकू जवळ गेल्या. त्यांनी तो उजवा हात आपल्या हातात घेतला आणि हळूच मांडीवर ठेवला.

"खोकी वापस नेजो," त्या म्हणाल्या. "खाट मधल्या खोलीत टाकू."

त्या दिवशी बैलगाडी जागेवर ठेवून आम्ही तिसरी वाघीण लावली. मग पोळी, वांग्याची भाजी आणि संध्याकाळची बस.

घरी खोकी माळ्यावर टाकली. माझंही टेबलावर एक छोटं यार्ड आहे; तिथे बायको खुणा करते. थांबवायचं असलं की नियमाप्रमाणे दोन्ही हात वर नेते. मी पहिल्या हातालाच थांबतो.