चिलमचीतले कडबू

निजामाच्या राज्यात बदलीचा हुकूम आला की नोकरदाराला उभ्या पावली निघावं लागे. आमचं घर नळदुर्गात, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. पुढच्या दोन खोल्यांत करोडगिरी नाक्यावरचे, म्हणजे जकातीचे, अंमलदार भाड्यानं राहत. बैलगाडीत मावेल तेवढं ते नेत, उरलेलं आमचं. कुणाच्या तरी पोपटाचा पिंजरा आई दुधाच्या पातेल्यावर घालायची आणि मांजर बाहेर बसून मिशा चाटायचं. एका हिरव्या मखमली पडद्याचा मला परकर शिवला होता. त्याला कुणी हसलं की मी भांडायला उठायची.

परक्याच्या भांड्याबाबत आईचा नियम पक्का होता. आधी चिंच, मग राख आणि शेवटी निखारे. निखाऱ्यावर तावून निघालं की ते भांडं आपलं, त्यावर चर्चा नाही.

हैदराबादचं एक कुटुंब असंच घाईनं गेलं आणि पितळेचं एक पसरट, खोलगट भांडं मागं राहिलं. त्यावर नक्षीदार भोकांचं झाकण. त्यांच्या बायका गोषात असत, पुरुष पुढच्या बैठकीत जेवत, त्यामुळं त्यांचं खाणंपिणं आम्ही कधी पाहिलेलंच नव्हतं. आईनं भांडं फिरवून फिरवून बघितलं आणि निकाल दिला, "कडबू उकडायचं हाय हे. वाफंला भोकं बी हायत की!"

खाली पाणी, वर झाकणावर पुरणाचे कडबू. तसे लुसलुशीत कडबू गावात कुणाकडं होत नव्हते, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पुढं थोरल्या बहिणीला, ताईला, बघायला मंडळी यायची ठरली. आधीची स्थळं हुकली होती आणि तिला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. हे मात्र तिला हवंच होतं. खंडोबाच्या जत्रेत तिनं मुलाला पाहिलं होतं आणि तेव्हापासून चुलीपुढं बसून ती उगाच हसायची. "ह्ये जमलं न्हाय तर मला पुन्हा कुणापुढं बसवू नका," असं तिनं आईला बजावलं होतं.

मंडळी आली. मुलाचे वडील हैदराबादेत नोकरी करून आलेले, खाण्याचे भलतेच शौकीन. आईनं हौसेनं ते लखलखीत भांडंच झाकणासकट बाहेर पाठवलं. त्यांनी कडबूंवर असा हात मारला की बघता बघता झाकण रिकामं होत आलं आणि भोकं दिसू लागली. त्यांचा हात थांबला.

"अहो, ही तर चिलमची! हैदराबादेत जेवण झालं की नोकर ही म्होरं धरतो. हिच्यात हात धुत्यात, चूळ टाकत्यात!"

आमच्या वडिलांनी मान खाली घातली. दाराआड आईच्या हातातला पदर तोंडाशीच राहिला. आता हेही स्थळ गेलं, तेही आमच्या कडबूंपायी!

तेवढ्यात इतका वेळ खाली बघत बसलेल्या ताईनं डोकं वर केलं.

"मामंजी, हात धुवायला न्हाणीत पाणी ठेवलंय. ह्यात कडबू हायत. आईनं निखाऱ्यावर तावून घेतलंय त्ये."

मामंजी! अजून होकार नाही, बोलणी नाहीत, आणि ही बया नातं लावून मोकळी. मुलाला असा ठसका लागला की त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

ताई उठली ती थेट स्वयंपाकघरात आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. आईला वाटलं, रडतेय. मी जवळ जाऊन बघितलं, तर पदर दातात धरून ती हसत होती.

बाहेर मुलाच्या वडिलांनी उरलेले कडबूही ताटलीत ओढून घेतले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वैनी, मामंजी म्हणली पोरगी. आता साखर आणा."

आई उठायच्या आत ताई साखरेच्या डब्यापाशी पोचली होती.