कम्प्युटरवर दिसलेलं दार

दुसऱ्यांदा दगड ढासळले आणि आतून येणारा ठोका थांबला.

बारवेच्या तळाशी बारा-पंधरा गडी होते. सगळे जागच्या जागी उभे राहिले. धूळ खाली बसली. मग परत आला... ठक, ठक. आधीपेक्षा बारीक.

"विश्वनाथ हाय त्यो," मी म्हणाले. "जित्ता हाय."

"कशावरून, आई?" एकानं विचारलं.

"पोटचं पोर हाय माझं. मला इचारतो व्हय?"

आता नीट सांगते. आमचं गाव केजपासून अकरा किलोमीटर, धारूरचा रस्ता सोडून आत. नाव लिहीत नाही, लोक उगाच बघायला येतात. मी चौथी शिकलेली, आयुष्यभर किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली बाई. भूत, करणी, अंगात येणं, मी कधी मानलं नाही. अंगात येणाऱ्या बाईला मी तोंडावर विचारायची, "तुझी देवी भांडी घासायच्या वेळेला कावून येत न्हाई गं?" तरी हे माझ्या आणि माझ्या सुनेच्या डोळ्यांसमोर घडलं, म्हणून लिहिते.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. गावातली जुनी बारव कोरडी पडली होती, तेव्हा गाळ काढून घ्यावा असं ठरलं. दर रविवारी श्रमदान. बारवेच्या तळाला भिंतीत एक दगडी खोली आहे, तिला आम्ही ओवरी म्हणतो. ती गाळानं भरलेली. माझा मुलगा विश्वनाथ आणि यूसुफ गवंडी, दोघं त्या ओवरीत शिरून गाळ ओढत होते. सकाळी नवाच्या सुमाराला तोंडावरचा मोठा दगड खाली आला आणि ते दोघं आत राहिले. बाहेरून दगड काढायला घेतले, तर एक काढला की दोन यायचे. साडेअकराला तो दुसरा ढिगारा आला.

तालुक्याहून आलेल्या ओव्हरसियरनं काम थांबवलं. "समोरून हात लावला तर सगळी ओवरी बसंल," तो म्हणाला. "जुन्या बारवांना दुसरी वाट असती. नकाशा हाय का कुणाकडं?"

नकाशा कुणाकडं असणार? रविवार, कचेऱ्या बंद. आमचे गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. ते म्हणाले, निजामाच्या काळात कुणी गोऱ्या साहेबानं मराठवाड्यातल्या बारवांचे फोटो काढले होते, ते परदेशातल्या एका संग्रहात आहेत, आणि त्या संग्रहाची यादी आता कम्प्युटरवर टाकलीय. पेपरातलं कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं, त्यात पत्ता होता.

लोक गुरुजींकडं असे बघायला लागले, जणू यांच्या डोक्यात ऊन गेलंय. मी सुनंदाला म्हणाले, "चल."

सुनंदा माझी सून. लग्नानंतर तिनं कम्प्युटरचा क्लास लावायचं काढलं, तेव्हा मी म्हणाले होते, "त्याच्यावर भाकरी थापता येती का?" ती तरीही गेली होती. जीपमध्ये मला ते आठवलं. तिलाही आठवलं असणार. तिच्या हातावर गाळ वाळून तडकला होता.

केजला स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावर सायबर कॅफे निघाला होता. प्लायवूडच्या तीन खोपट्या, पडदे लावलेल्या. कॅफेवाला म्हणाला, "दोनला लाईट जाती बघा." भिंतीवर एक वाजून दहा झाले होते.

सुनंदानं कात्रणातला पत्ता टाकला, फोनच्या लाइनीतून किरकिर झाली, मग पान उघडलं. एका चौकोनात शब्द टाकायचा आणि बटण दाबायचं. सुनंदानं गावाचं नाव टाकलं.

"काय म्हणतंय?"

"काही न्हाई म्हणतंय, आत्याबाई."

"परत टाक."

तिनं केज टाकलं. बीड टाकलं. विहीर, पायऱ्यांची विहीर, निजाम. एकेका पानाला पाच-पाच मिनिटं. कधी काहीच नाही, कधी भलतंच... कुठल्या देशाची भांडी, नाणी, हात तुटलेल्या मूर्ती, राजाची तलवार. जगातल्या सगळ्या मेलेल्या माणसांच्या वस्तू तिथं नीट नंबर घालून ठेवल्या होत्या आणि माझ्या जिवंत मुलाच्या वाटेचा पत्ता नव्हता.

"विश्वनाथला शोध," मी म्हणाले.

"आत्याबाई, तसं शोधता येत न्हाई यात."

"मग काय येतं? शोध म्हणते ना!"

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बोटं चालत होती. मी विश्वनाथ, विश्वनाथ एवढंच म्हणत होते. पावणेदोन झाले. तिनं पहिल्यांदा टाकला होता तोच शब्द पुन्हा टाकला, आमच्या गावाचं नाव. आधी त्याला काही नाही असं उत्तर आलं होतं. या वेळी एक नोंद आली.

फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीनं उतरत होता. आधी पांढरं आभाळ. मग बाभळीचा शेंडा. मग वरच्या पायरीजवळचा दगडी हत्ती, सोंड तुटलेला.

"आपलीच हाय," सुनंदा म्हणाली.

मग मधला टप्पा. दोन कोनाडे, आणि त्यांच्यामध्ये दार. उघडं, काळं, माणूस वाकून जाईल एवढं. दाराच्या चौकटीला हात लावून एक बाई उभी होती. तोंड पुसट. खाली इंग्रजीत ओळ होती, ती सुनंदानं वाचली: बारवेच्या तळाच्या ओवरीत उतरणारा जिना, बाई मापासाठी उभी केली आहे.

मी त्या बारवेवर लग्न होऊन आल्यापासून पाणी भरलं. त्या दोन कोनाड्यांमध्ये दार मी कधी पाहिलं नाही. तिथं साती आसरांचा, पाण्यातल्या देवींचा, ओटा आहे. सात दगड, शेंदूर लावलेले. आम्ही लिंगायत, पण वर्षातून एकदा दहीभात आम्हीही नेतो.

कॅफेवाल्यानं प्रिंट काढली. कागद अर्धा बाहेर आला आणि लाईट गेली. त्यानं तो हातानं ओढून काढला. दार होतं, वर नोंदीचा नंबर होता, बाई कमरेपर्यंत होती. तेवढं पुरे होतं.

गावात आलो तर ठोका चालूच होता, पण मध्ये खूप वेळ जायचा. ओव्हरसियरनं कागद पाहिला, कोनाडे पाहिले आणि म्हणाला, "हेच. ओटा फोडा."

कुणी हललं नाही. एक म्हातारा पुढं आला. "आई, आसरा हलवू नगा. बारवेचं पाणी जाईल."

"पानी हाय कुठं, मुडद्या? पानी असतं तर माझं लेकरू खाली कशाला उतरलं असतं?"

पहार मीच घेतली. माझ्याच्यानं ती नीट उचलवत नव्हती. पहिला दगड मी हातानं उचलून बाजूला ठेवला, शेंदूर कोपरापर्यंत लागला. दुसरा सुनंदानं उचलला. मग गडी आले.

ओट्यामागं भिंत दगडाची नव्हती, विटांची होती. विटांच्या मागं पोकळी होती, आणि पोकळीत खाली जाणारा जिना. मातीनं भरलेला, पण दगड शाबूत. पाच वाजेपर्यंत घमेली वर येत होती. मग एक गडी कंबरेला दोर बांधून उतरला आणि आतून ओरडला, "हाय! जित्ता हाय!"

सुनंदानं माझा दंड धरला. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी असं धरलं नव्हतं.

वर आणला तो यूसुफ होता. पाय चेंगरलेला, हातोडी हातातच. मी त्याला ओलांडून दाराकडं निघाले, तर त्यानं माझं लुगडं धरलं.

"अम्मा," तो म्हणाला, "विशूभाऊ तो सुबूच गये. पैलाच पत्थर... ठोका मीच मारत होतो."

त्याच्यानंतर विश्वनाथला आणलं. डॉक्टरनंही तेच सांगितलं. सकाळी नवालाच. आमच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली.

पुढचं थोडक्यात सांगते. ओट्याचा पुढचा चिरा घासला, तेव्हा शेंदराच्या थरांखाली शक कोरलेला निघाला. ओटा कधी बांधला ते. गुरुजींनी दोनदा हिशेब केला आणि कागद खाली ठेवला. "आई," म्हणाले, "हे दार बुजलं तेव्हा जगात कॅमेरा नव्हता."

मग त्या उघड्या दाराचा फोटो कुणी काढला? सुनंदानं नंबर घालून परत शोधलं. त्या नंबरावर मातीचा दिवा निघाला, दुसऱ्याच मुलखातला. तिनं संग्रहवाल्यांना पत्र लिहिलं, सोबत आमच्या कागदाची झेरॉक्स. त्यांचं उत्तर आलं. नंबर लिहायची पद्धत आमचीच आहे, पण तुमच्या जिल्ह्यातला एकही फोटो आमच्याकडं नाही आणि कधी नव्हता. ती बाई कोण, हे विचारायला तर जागाच राहिली नाही.

लोक म्हणतात, आसरांनी वाट दाखवली. मी म्हणते, दाखवायची होती तर आदल्या दिवशी दाखवायची. सुनंदा म्हणते, तसं बोलू नका. ती माझ्याजवळच राहते, दुकान तीच बघते. या गोष्टीचा उलगडा तिला झाला नाही, मला झाला नाही, गुरुजी जाईपर्यंत त्यांनाही झाला नाही.

एक मात्र मला माहीत आहे. कॅफेत बसून मी तासभर एकाचंच नाव घेत होते. यूसुफ आत आहे हे मला ठाऊक होतं, त्याची बायको बारवेच्या काठावर बसलेली मी पाहिली होती, तरी त्याचं नाव एकदाही माझ्या तोंडात आलं नाही.

ओवरीत दोन माणसं अडकली होती. यूसुफ जगला.