लाकडाची सवत

माझी सवत लाकडाची होती. हे मी गमतीनं सांगत नाही. बाई असती तर पाणवठ्यावर चारचौघींत तिचा उद्धार करता आला असता, वेळ आली असती तर झिंज्याही धरता आल्या असत्या. लाकडाशी काय भांडणार? भांडायला गेलं तर गल्ली मलाच हसायची.

लग्न होऊन मी निपाणीकडून बेळगावला आले तेव्हा आमचे हे कॅम्पातल्या गोऱ्यांच्या एका क्लबात कामाला होते. तिथं पत्र्याच्या लांबट शेडमध्ये गुळगुळीत लाकडाची पट्टी घातलेली होती. पट्टीच्या एका टोकाला नऊ लाकडी खुंट्या उभ्या करायच्या, आणि दुसऱ्या टोकाहून साहेबानं लाकडाचा जड गोळा घरंगळत सोडून त्या पाडायच्या, असा तो खेळ. पडलेल्या खुंट्या पुन्हा मांडायच्या, गोळा परत धाडायचा आणि खेळ संपला की सगळं पुसून ठेवायचं, हे यांचं काम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. एका धडधाकट माणसानं पाडायचं आणि दुसऱ्या धडधाकट माणसानं उभं करायचं, याला काम म्हणतात होय? माहेरी आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "पगार मिळतोय न्हवं? मग गप ऱ्हा."

गोळे तीन होते. दोन नवे, त्यांचं आम्हाला काही नाही. तिसरा जुना. कुठल्याशा परमुलखातल्या लाकडाचा तो, पाण्यात टाकला तर सरळ तळाला जाई. यांच्या जन्माआधी बोटीतून आलेला. अंगठा नि बोट घालायला त्याला दोन भोकं होती, आणि इतक्या हातांनी त्यांच्या कडा झिजून मऊ झाल्या होत्या. हे कामाला लागले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या गड्यानं तो यांच्या हातात देऊन सांगितलं होतं, तेल पाजत राहिलास तर तुझ्या नातवाला पुरेल, कोरडा ठेवलास तर एका उन्हाळ्यात चीर जाईल. त्या दिवशीच यांचं पहिलं लग्न लागलं असं मी धरते. माझ्याशी लागलं ते दुसरं.

जवसाचं तेल आमच्या घरातून जायचं. मला आठवड्यातून एकदा न्हायला चमचाभर तेल, आणि गोळ्याला वाटीभर. कामावरून आले की यांच्या हाताला त्या तेलाचा वास यायचा. मी ताट वाढून समोर बसलेली असायची, आणि हे घास हातात धरून सांगायचे की आज गोळा कसा चालला, नव्या कॅप्टननं त्याला कसा आपटला, आपटल्यावर यांनी तो उचलून चीर गेली का ते कसं बघितलं. भाजीत मीठ आहे का नाही हे मात्र त्यांना कधी कळलं नाही. मी एकदा मुद्दाम घातलं नाही. बिनमिठाचं जेवून यांनी समाधानानं ढेकर दिला.

फाल्गुन सरला की उन्हाचं वारं सुटतं. त्या दिवसांत गोळ्याला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला लागे, आणि फडकं पाहिजे ते मऊ, जुनं, कितीदा धुतलेलं. मी वाकळ शिवायला माझी जुनी लुगडी साठवत होते. आमच्याकडं पहिल्या बाळंतपणाच्या आधी बायका अशी लुगडी जपून ठेवतात, पोराला अंगाखाली मऊ लागावं म्हणून. त्यातलं सगळ्यात मऊ लुगडं, आईनं दिलेलं, एके दिवशी दिसेना. विचारलं तर हे म्हणाले, "गोळ्याला घेतलंय. तुझं लुगडं लई मऊ हाय गं." एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्या वस्तूचं कौतुक केलं ते हे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच उन्हाळ्यात मी तापानं पडले. हे उशाशी बसले होते, नाही असं नाही. पण वारं सुटलं की त्यांची मान दाराकडं वळायची. शेवटी उठलेच. "फडकं वाळलं असंल. भिजवून आलोच," म्हणाले. मी भिंतीकडं तोंड केलं आणि मनात म्हटलं, चीर जाऊ दे तिला, उभी चीर जाऊ दे.

मला निपाणीला जायचं होतं. आप्पा तिथं तंबाखूच्या वखारीत मुकादम होते, आणि शेठजींना वखारीवर भरवशाचा माणूस हवा होता. पगार इथल्यापेक्षा बरा, राहायला खोली, हाकेच्या अंतरावर आई. आप्पांनी दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा यांचं उत्तर एकच. "आन् मग गोळ्याला तेल कोण लावंल?" सासर माहेर, आईबाप, होणारी पोरं, सगळं एका पारड्यात, आणि दुसऱ्यात तो लाकडाचा गोळा. नवऱ्यानं मारलं नि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची म्हणतात. मला तर यांनी मारलंही नव्हतं. नुसतं दुसरीकडं बघत बसले होते.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पुजतात. कोयता, खुरपं, विळी, ज्याच्या हाताला जे असेल ते धुऊन पुसून देवापुढं मांडायचं. हे गोळा घरी आणायचे. कुणाला विचारायचे नाहीत, कारण ज्याच्यावर पोट चालतं ते पुजायला परवानगी कसली, असं त्यांना वाटायचं. त्या दिवशी क्लबात खेळही नसायचा, त्यामुळं कधी कुणाला कळलं नाही. आणि हत्यारांना हळदीकुंकू लावून ओवाळायचं काम घरच्या सवाष्णीचं. म्हणजे मी लुगडं नेसून, नाकात नथ घालून, निरांजन घेऊन माझ्या सवतीला ओवाळायचं. दर वर्षी मी ओवाळलं. कुंकू मात्र कोयत्याला बोटभर लावायची आणि गोळ्याला टिकलीएवढं.

एका वर्षी पुण्याहून कुणी मोठा साहेब पाहुणा आला, आणि नेमका खंडेनवमीच्या दुपारी खेळ ठरला. जुना गोळा जागेवर नाही म्हटल्यावर क्लबाचा बटलर धापा टाकत आमच्या दारात आला. गोळा झेंडूच्या फुलांत, विळी नि कोयत्याच्या मध्ये बसला होता.

"साहेब लई तापलाय. गोळा घेऊन आत्ता चल," बटलर म्हणाला.

यांचा चेहरा पडला. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवत नाहीत, हे यांना माझ्याइतकंच ठाऊक. पण नोकरी गेली तर गोळा गेला, हेही ठाऊक. त्यांचा हात पुढं झाला. मी मध्ये जाऊन बसले.

"पुजलेलं हत्यार उद्यापातूर हलायचं न्हाय," मी म्हटलं.

"अगं, साहेब काढून टाकंल मला."

"काढू दे. घरात पोटुशी बाई हाय. देवापुढनं हत्यार उचलून अपशकुन करतासा?"

दारात शेजारच्या दोघीतिघी जमल्या होत्या. त्यांनी माझीच री ओढली. यांचा हात मागं गेला. बटलर दोघांकडं बघून निघून गेला.

मला देवाधर्माची तेव्हा फारशी पडली नव्हती. मला निपाणी दिसत होती. मी ते जाणूनबुजून केलं आणि त्याची मला लाज वाटत नाही. बायकोनं नवऱ्यासाठी भांडायचं नाही तर कुणी भांडायचं?

दसऱ्याला पूजा झाल्यावर हे गोळा परत द्यायला गेले. जाण्याआधी उंबऱ्यावर बसून त्याला तेल लावलं, भोकांतसुद्धा बोटाला फडकं गुंडाळून. साहेबानं गोळा ठेवून घेतला आणि यांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. दिवाळीच्या आत आम्ही ट्रंक मोटारीच्या टपावर चढवून निपाणीला आलो. वाटेत मी गाणं म्हणायचीच तेवढी राहिले होते.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. क्लबात होती तेव्हा सवत निदान एका जागी तरी होती. आता ती कुठंही निघायची. नारळ हातात आला की हे तो तोलून बघायचे, आणि अंगठा नारळाच्या डोळ्यांवरून फिरायचा. चैत्रात वारं सुटलं की वखारीच्या दारात उभे राहून म्हणायचे, "आता कोण फडकं भिजवत असंल?" थोरली लेक झाली तेव्हा तिचं डोकं तेल लावून यांनी इतकं सुबक गोल केलं की आळीतल्या बायका बघायला आल्या. "बापाच्या हातात कला हाय," म्हणाल्या. तो हात कुणाच्या अंगावर बसलाय ते मला माहीत होतं. पोटच्या पोरीला तेल लावताना बघूनही मला हेवा वाटला, यापुढं काय सांगू?

गोरे चालले, त्या वर्षी बेळगावाहून आलेल्या कुणी सांगितलं की क्लबातलं सामान मोडीत काढतायत. यांनी धुतलेलं धोतर नेसलं, सदऱ्याच्या खिशात तेलाची लहान बाटली घातली आणि सकाळच्या मोटारीनं गेले. माझा दिवस कसा गेला ते मला विचारू नका. आणणार, हे मी धरूनच चालले होते. देवघरात येऊ द्यायची नाही, माजघरात नाही, चुलीमागं सरपणाजवळ ठेवायची, एवढं मी पक्कं केलं. मग वाटलं, सरपणाजवळ तरी कशाला, आमच्या दारातच कशाला?

दिवस मावळताना आले. हात मोकळे.

"दुसऱ्या कुणी नेला का?" मी विचारलं.

"चिरलाय. ह्या भोकापासनं त्या भोकापातूर. कोपऱ्यात पडलावता. सरपणाला ने म्हणाले."

"मग का आणला न्हाईसा?"

"तेल लावलं आन् तिथंच ठेवून आलो. चुलीम्होरं बघवला नसता."

आणि ते रडायला लागले. आप्पा गेले तेव्हा, आमचा मधला मुलगा गेला तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता. तेव्हा ते तोंड दाबून रडले होते. आता उघडं रडत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मी मेल्यावर येवढं रडशीला का?"

त्यांनी आपल्या तळहातांकडं बघितलं. तेलाचा वास येत होता.

"तू कशाला मरतीस? तुझ्याजवळ मी हाय की. त्येच्याजवळ कुणीच न्हवतं."

कुणी का नव्हतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढं कधीच नाही. लोक म्हणतील, केवढा भला माणूस. मला मात्र त्यांनी चार शब्द सुनवायला हवे होते. रागवायला तरी त्यांना माझ्याकडं बघावं लागलं असतं.