आक्काच्या मडक्यातली बाजरी

फोन आला तेव्हा मी शहागंजातल्या दुकानात एका गिऱ्हाइकाला हायब्रीड बाजरीची पिशवी दाखवत होतो. पलीकडून भाचा सुभाष एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली." गिऱ्हाईक विचारत होतं, उगवण कशी आहे... आणि मी सवयीनं "एक नंबर" म्हणून मोकळा झालो. मग मात्र खाली बसलो. आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं.

आक्काचं घर करमाडजवळ. मी तीस वर्षं बियाणं, खतं, औषधं विकतोय आणि ही बया माझ्या दुकानातला एक दाणा न्यायची नाही. घरची बाजरी, घरची मटकी, बांधावरची अंबाडी. कापणीआधी रानात फिरून चांगली कणसं हेरायची, दाणे राखेत घोळवून मडक्यात भरायची, तोंड शेणमातीनं लिंपायची. मी चिडायचो. "आक्का, माझा वाण दुप्पट उतारा देतो. लोक काय येडे हायेत का?" खोटं नव्हतं ते, हायब्रीडनं लई घरं भरली, माझंही. ती म्हणायची, "उतारा तुझा जास्त, व्हय. पण बापू, पेरायच्या टायमाला मी कुणाच्या दारात उभी राहत नाय." असा संताप यायचा! एका भाऊबीजेला ह्यावरूनच पाटावरून उठून निघून आलो. ती ओवाळायचं ताट हातात धरून तशीच उभी... आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

शेवटी दवाखान्यात तिला बोलताना धाप लागायची. माझं मनगट धरून म्हणाली, "दोन साल पाऊस वंगाळ झाला. बी एवढं एक मडकंच उरलंय. दुसऱ्या कुणापाशी नाय. तू पेर." मी म्हणालो, सुभाष पेरील की. "त्याला तुझ्या पिशव्यांची सवय लागली. तूच पेर." मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते, आमच्याकडं कुणी खात नाही. तरी ताटात बाजरीची भाकरी आली आणि मी तीन हाणल्या. लहानपणी आक्का करायची तश्शी गोड लागते, असंही चारचौघांत बोललो.

पेरणीच्या तोंडावर मी मडकं मागायला गेलो. सुभाषची बायको रेखा शहरात, गुलमंडीत वाढलेली, गुणाची पोर. ती सहज म्हणाली, "ते राखेचं? मामा, दहाव्याला पीठ संपलं होतं. मीच चाळून, धुऊन, वाळवून गिरणीत दिलं. तुम्ही तर तीन भाकरी खाल्ल्या!" राख किडीसाठी, धान्य खायचंच, असं तिला वाटलेलं. खरं सांगतो, आपला हात उठतो की काय अशी मला माझीच भीती वाटली. ते बी होतं, असं सुभाषनं सांगितलं तशी ती मडकं आणून तळाशी एखादा दाणा उरलाय का ते शोधायला लागली. ओरडणार तरी कुणावर? बी कसं ओळखायचं हे तिला शिकवणार कोण? अख्ख्या भागाला पिशवी फोडायला शिकवणारा तर मीच.

चार दिवस आजूबाजूची गावं पालथी घातली. म्हातारी माणसं शोधली, मडकी, कणग्या पाहिल्या. सगळीकडं एकच उत्तर, "बापूसाहेब, आमचं बी तुमच्याच दुकानातलं!" हसून सांगायचे लोक. इकडं रानातली ओल उडत चाललेली. सुभाषचे सारखे फोन... शेवटी मी दुकानातली एक पिशवी उचलली आणि गेलो.

पेरणी सुरू झाली. रेखा बांधावर उभी राहून रिकाम्या पिशवीची घडी घालत होती. हळूच म्हणाली, "मामा, यातली चांगली कणसं मी सासूबाईंसारखी राखून ठेवली तर? पुढच्या साली पेरता येतील ना?"

"नाय गं. त्यात मग तसा जोर राहत नाय. दरसाल नवीन बी घ्यावं लागतं."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून," मी म्हणालो.