सोळा मीटर दोरा आणि एक कॅप्सूल

आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मावशींना बावीस वर्षांत कोणी विज्ञानातलं काही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा विद्यार्थ्यांना कोडं घातलं, "जिवाणूचा डीएनए पेशीपेक्षा जवळजवळ हजारपट लांब असतो. मग तो आत मावतो कसा?" त्यांनी आम्हाला एक रिकामी कॅप्सूल दिली आणि टोकं जोडलेला सोळा मीटर दोरा. आमचा नुसता गुंता झाला.

"कोंबताय काय? पिळा!" मावशी बेसिनजवळून ओरडल्या. ओल्या हातांनीच त्यांनी दोऱ्याची एक बाजू खिडकीच्या कडीत अडकवली, दुसरी द्रावणं ढवळायच्या यंत्राच्या मोटरला. मोटर घरघरली. कडीतून सोडताच दोरा टुणटुण उड्या मारत स्वतःभोवतीच वळला. मावशींनी ती वेटोळी कॅप्सूलमध्ये बसवून टोपण लावलं.

बाई आनंदाने स्टुलावरच चढल्या. "जिवाणू अगदी असंच करतो! वर ती वेटोळी प्रथिनांनी धरूनही ठेवतो!"

"अगं बाई! मोटर नसताना?" मावशींनी विचारलं.

"आहे ना! डीएनए पिळणारं इवलंसं एन्झाइम!"

मावशींना हसू आवरेना, आणि आम्हालाही. पुढच्या तुकडीच्या तासाला बाईंनी खडू सरळ मावशींच्या हातात दिला.