भिंतीपलीकडचा सोनचाफा

सौंदडला घर बांधलं तेव्हा मला अंगणात एकच झाड हवं होतं, सोनचाफ्याचं. बाकी ज्याला जे लावायचं ते लावा म्हटलं. ह्यांनी गुलाबाच्या कुंड्या आणल्या. ताटलीएवढी फुलं, वास नावालाही नाही, पण रस्त्यानं जाणारा थांबून बघतो, एवढ्यावर हे खूश.

माझं सोनचाफ्याचं वेड नोकरीच्या सुरुवातीचं. माहेर केशोरीचं, घरी धानाची शेती. तिथं फूल म्हणजे दसऱ्याचा झेंडू आणि कुंपणाला आपोआप वाढलेली जास्वंद. मुद्दाम फुलझाड लावणं म्हणजे चांगल्या जागेची नासाडी, असं बाबांचं मत होतं. पुढे मी शिक्षिका झाले. पहिल्या शाळेत एक वयस्क बाई होत्या. त्या रोज घरून रुमालात एक सोनचाफा आणायच्या आणि स्टाफरूमच्या टेबलावर पाण्याच्या पेल्यात ठेवायच्या. खडूची धूळ, घाम, शिजणारी खिचडी, या सगळ्यांतून तो वास वाट काढत यायचा. दुपारी वर्ग पेंगायला लागला, की मी काहीतरी निमित्त काढून त्या पेल्यावर वाकून यायची. स्वतःचं घर झालं की हे झाड लावायचं, हे तेव्हाच ठरलं.

कलम गोंदियाहून आणलं. नर्सरीवाला म्हणाला, "मैडम, दूसरे साल फूल पक्का." ह्यांची नोकरी गोंदियाला, रोज रेल्वेनं ये-जा. त्यांनी ते रोप मांडीवर धरून आणलं आणि त्याचं मला बरेच दिवस ऐकवलं. गाडी उभी करायला समोरची जागा गेली होती, म्हणून चाफ्याच्या वाट्याला घर आणि शेजारची भिंत यांच्यामधली पट्टी आली.

दुसरं साल गेलं. तिसरं गेलं. झाड वाढलं, पानं हिरवीगार, कळी मात्र एकही नाही. मी शेणखत घातलं, ताक घातलं, राईस मिलमधली राखड आणून घातली. उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापायची, तेव्हा भांडी घासलेलं पाणीही त्यालाच. उधई, म्हणजे वाळवी, लागली तर बुंध्याला चुना फासला. शाळेत, किराणा दुकानात, जो भेटेल तो एक उपाय सांगायचा, आणि मी वेड्यासारखी तो करायची. ह्यांच्या गुलाबांना कोणी विचारत नव्हतं, तरी ते बदाबदा फुलायचे. मला त्या गुलाबांचा राग यायला लागला होता.

भिंतीपलीकडे एक मावशी राहतात. मुलगा, सून, नातू आणि घरची धानाची शेती. आमच्या झाडाशी त्यांचं पहिल्यापासून भांडण. "मॅडम, तुमचे पानं माह्या अंगणात पडून राहिले. नाली तुंबते. कापून काऊन नाही टाकत? फूल ना फळ, कायले पोसता?" हे मला दर आठवड्याला ऐकावं लागे. शेवटी एकदा त्यांनीच उपाय सांगितला. जे झाड फुलत नाही त्याला कुऱ्हाड दाखवायची. एकानं तोडतो म्हणायचं, दुसऱ्यानं त्याला अडवायचं. झाड घाबरते आणि फुलते.

मी ह्यांना तयार केलं. रविवारी सकाळी ते बनियनवर, हातात मावशींकडूनच आणलेली कुऱ्हाड, चेहरा ओशाळलेला. त्यांनी बुंध्याला हळूच पातं टेकवलं आणि आकडेवारी वाचावी तशा आवाजात म्हणाले, "तोडतो मग तुला." मी म्हटलं, "राहू द्या, येत्या साली फुलेल." भिंतीवरून मावशी बघत होत्या. "असं नाही वो," त्या म्हणाल्या, "जरा रागानं म्हणा." ह्यांनी कुऱ्हाड परत दिली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतरच्या पावसाळ्यात झाड फुललं. मला ते कळलं वासावरून. शाळेतून घरी आले, फाटक उघडलं आणि तिथंच थांबले. सगळ्या फांद्या शोधल्या, फूल दिसेना. मग स्टूल घेऊन भिंतीपलीकडे बघितलं. आमच्या बाजूला घराची सावली, त्यांचं अंगण मोकळं, ऊन भरपूर. एक मोठी फांदी सरळ तिकडे वाकली होती आणि सगळी फुलं तिच्यावर होती. इतकी वर्षं मी खत घालत होते आणि झाड मावशींच्या उन्हाकडे सरकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मावशी आकडी घेऊन फुलं काढताहेत. डाळीच्या टोपलीत पिवळाजर्द ढीग. फांदीवर एकही ठेवलं नाही. मला बघून त्यांनी भिंतीवरून दोन फुलं पुढे केली, प्रसाद द्यावा तशी. माझ्याच झाडाची. मी म्हटलं, मावशी, थोडी झाडावर राहू द्या ना.

"झाडावर ठेवून का करता? सुकूनच जाते. देवाले गेलं तं कामी आलं."

"मला देवासाठी नको, वासासाठी हवीत."

"वास तं भिंतीले अडत नाही ना. येते तुमच्या घरी."

दोन पावसाळे असेच गेले. पानांची तक्रार बंद झाली. आता त्या पाहुण्यांना सांगायच्या की कुऱ्हाडीचा उपाय त्यांचा, म्हणून फुललं. गणपतीत साऱ्या मोहल्ल्यात आमच्या चाफ्याची फुलं वाटली गेली आणि लोक त्यांना मावशीचा चाफा म्हणायला लागले. मी शाळेत नेण्यासाठी फूल मागायला शेजारी जात होते. ह्यांना त्याचं हसू यायचं. मला येत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मावशींच्या मुलानं भिंतीला लागून खोली काढली. एका दुपारी मी परतले तर फांदी रस्त्यावर पडलेली, कळ्यांनी भरलेली, आणि दोन बकऱ्या पानं ओरबाडताहेत. झाडाचा पांढरा घाव भिंतीवरून दिसत होता. मी पिशवी न ठेवताच त्यांच्याकडे गेले आणि जन्मात बोलले नव्हते तेवढ्या मोठ्यानं बोलले. मुलगा घमेलं खाली ठेवून उभा राहिला. "आईले विचारलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "आई हो म्हणे."

मावशी आत चुलीजवळ बसल्या होत्या. समोर स्टीलच्या डब्यात पाणी, त्यात कळ्या उभ्या केलेल्या, हिरव्या, बंद. त्या एकेक कळी नाकाला लावत होत्या. मला बघून थांबल्या.

"नातू मोठा झाला. त्याले खोली पाहिजे," त्या म्हणाल्या. "मी का करू, सांगा." मग डबा माझ्याकडे सरकवून, "उमलतील का ह्या?"

नाही उमलणार, हे मला माहीत होतं. त्यांनाही असावं. मी घरी आले. राग गेला नव्हता, फक्त तो कुणावर काढावा हे कळेनासं झालं होतं.

आता झाड सरळ वर गेलंय, आमच्या गच्चीच्याही वर. यंदा फुललं ते अगदी शेंड्याला. ह्यांचं म्हणणं, मुळांनी फरशी उचलली, काढून टाकू, तिथं मोटरसायकल राहील. मी नाही म्हटलं. का, ते विचारतात. फूल हाताला येत नाही, सावली कामाची नाही, पानं झाडून कंबर जाते. मी चिडते आणि झाडू घेऊन पानं झाडायला लागते.

शाळेला जायच्या आधी मी बांबूला आकडी बांधून गच्चीवर जाते. मान अवघडते. बहुतेकदा पाकळ्याच गळून पडतात. कधी एखादं अख्खं फूल मिळतं. परवा मिळालं तेव्हा खालून मावशींनी हाक मारली, त्यांना ते दिसलं होतं. मी खाली उतरले, नव्या खोलीच्या पुढे उरलेल्या भिंतीवरून फूल दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"किड्यानं खाल्लं आहे वो," म्हणाल्या, आणि घेऊन आत गेल्या.